मागचं पुसायचं बटण

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगून झालं आहे. फक्त एका ठिकाणी ते कधी लिहिलं नाही, माझ्या प्रोफाइलवर. तिथं कॉलेजची तीन वर्षं लिहिलेलं होतं, 'कॉफी, पुस्तकं आणि संध्याकाळ'. कॉफी मला आजही आवडत नाही. आमच्याकडे चहा होतो.

आमचं घर विश्रांतवाडीत, दोन खोल्यांचं. पप्पा लोकांच्या घरांना रंग देतात. आई साड्यांना फॉल-पिको करते. पुढच्या खोलीत आईची मशीन, एक कॉट, आणि दारासमोर ती भिंत. मी दहावीला असताना पप्पांनी ती रंगवली. कामं संपली की डब्यांच्या तळाशी रंग उरतो, मालक म्हणतात घेऊन जा. असे तीन ठिकाणचे डबे त्यांनी एकत्र ढवळले. कुणाच्या तरी मुलांच्या खोलीचा निळा, एका दवाखान्याचा फिकट हिरवा, आणि तिसरा कसला होता ते त्यांनाही आठवत नाही. जो रंग झाला तो निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. पप्पा त्याला 'माझा रंग' म्हणायचे. दुसऱ्यांच्या पसंतीचे रंग आयुष्यभर दिल्यावर माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे.

त्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत, एक निळ्या कोटातली, एक डोळे मिटून ध्यानाला बसलेली. आमच्यासारख्या बहुतेक घरांत त्या असतात. त्या दिसल्या की पुढच्या माणसाला आमचं आडनाव विचारायची गरज उरत नाही.

घरात काही चांगलं झालं, की पप्पांचा नियम ठरलेला. तोंड धुवायचं, बरे कपडे घालायचे आणि त्या भिंतीपुढं उभं राहायचं. दहावीचा निकाल, बारावीचा निकाल, आईने नवी मशीन घेतली तो दिवस, सगळं त्या भिंतीपुढं. दोन्ही तसबिरी पूर्ण आल्या पाहिजेत. एखादीची कड जरी कापली गेली तरी परत उभं राहायचं. तेव्हा मला ते फार आवडायचं. दोन्ही बाजूंनी कुणीतरी मोठं माणूस खांद्यावर हात ठेवून उभं आहे, असं वाटायचं.

मग मी कॉलेजला गेले.

कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जायचे. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "तुझं पेन चांगलंय. परत देणार नाही, आधीच सांगते." पेन खरंच परत दिलं नाही. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती कोथरूडची. त्यांच्या फ्लॅटला मोठी बाल्कनी होती, पांढऱ्या भिंतीची, कोपऱ्यात मनी प्लांट. दुपारी साडेतीनला तिथं असा उजेड यायचा की कुणीही उभं राहावं आणि सुंदर दिसावं. माझे निम्मे फोटो त्या बाल्कनीतले आहेत. उरलेले कॉलेजच्या पायऱ्यांवरचे, कॅफेतले, तिच्या स्कूटीवरचे. घरातला एकही नाही.

आमच्या दोघींत एक रीत होती. फोटो टाकायच्या आधी दुसरीला पाठवायचा. तिने 'पास' म्हटलं तरच टाकायचा. 'नापास' आलं की कारण विचारायचं नाही, दुसरा काढायचा. हे आम्ही फार गंभीरपणे पाळायचो. तिला हनुवटी नापास असायची, मला दात. एकदा तिने मला भर लेक्चरमध्ये चिठ्ठी पाठवली, 'कालच्या फोटोत तू खरंच खूश होतीस. डबल पास.' ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे.

वर्गातली पोरं माझ्या फोटोंखाली लिहायची, 'काय एस्थेटिक', 'किती मिनिमल'. मिनिमल म्हणजे मागं काही नसणं. माझ्या मागं काही नसायचं, कारण जे होतं ते मी येऊ देत नव्हते. बऱ्याच जणांना वाटायचं मी कोथरूडलाच राहते. मी तसं कधी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

मैत्रिणीने पहिल्यांदा विचारलं, "तुझ्या घरी कधी नेणार?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, सध्या रंगकाम चालू आहे." का आलं तोंडात, तर पप्पा सकाळी रोलर धुवत होते ते डोळ्यांसमोर होतं म्हणून. बोलले आणि अडकले. दोन महिन्यांनी तिने परत विचारलं. रंगकाम चालूच होतं. दिवाळीला चालू, परीक्षेनंतर चालू. दुसऱ्या वर्षापासून तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत आमच्या दोन खोल्यांचं रंगकाम चालू होतं.

"राजवाडा आहे का गं तुमचा?" ती म्हणायची. हसायची. शेवटी शेवटी कमी हसायची.

तिच्याकडून मी कायकाय घेतलं होतं! तिचे आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते तो अख्खा महिना तिने मला सांगितला होता. एका पेपरात ती नापास झाली, ते तिच्या घराआधी मला कळलं. तिच्या घरात चहाची साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत. तिला मात्र माझ्या घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही माहीत नव्हतं. मला भीती होती ती एका क्षणाची. ती दारात उभी राहील, तिची नजर त्या भिंतीवर जाईल, आणि चेहऱ्यावर काहीतरी अगदी थोडं हलेल. मग ती नेहमीपेक्षा जास्त गोड बोलायला लागेल. ते गोड बोलणं मी शाळेत एकदा ऐकलं होतं. ते तिच्या तोंडी मला चाललं नसतं. म्हणून मी तिला तपासलंच नाही.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. त्याच आठवड्यात हडपसरच्या एका ऑफिसातून नोकरीचं पत्र आलं. पप्पांनी कामावरून सुट्टी घेतली. हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ताप असला तरी ते जायचे. दाढी केली, आईला पेढे आणायला पाठवलं आणि मला म्हणाले, "चल, भिंतीपुढं हो."

फोटो माझ्या फोनवर काढायचा होता. फोनमध्ये एक सोय असते, माणूस स्पष्ट येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. मी आईच्या हातात फोन देताना ती सोय चालू करून दिली. हातात मार्कशीट, एका बाजूला पप्पा. फोटो सुंदर आला. मागं नुसतं निळं-हिरवं धुकं. मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'पास! पण हे कुठंय? काका पहिल्यांदा दिसले!!' मी लिहिलं, 'असंच, नातेवाइकांकडे.' आणि टाकला.

आईने तो स्वतःच्या स्टेटसला ठेवला. संध्याकाळी पप्पा तिच्या फोनवर पाहत बसले होते. पप्पा शहराच्या कडेच्या गावातले, त्यांच्या बोलण्यात अजून हाय-न्हाई आहे.

"बाळा, भिंत कशी न्हाई आली? धुरळा आलाय नुसता."

"कॅमेराच तसा आहे, पप्पा."

"खराब झाला का काय?"

"हो. झाला असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यापुढं हात करून उभे. "आण फोन. दुकानात दाखवून आणतो."

"राहू द्या हो."

"न्हाई कसं? नोकरी लागलेल्या पोरीचा फोन असा चालतो व्हय?"

मी तेव्हा त्यांना थांबवू शकले असते. एक वाक्य लागलं असतं. मी फोनचं लॉक काढून दिलं.

अर्ध्या तासाने आले. फोन मशीनवर ठेवला, चपला नीट काढल्या, तांब्याभर पाणी प्याले. मग म्हणाले, "कॅमेरा एकदम चांगला हाय म्हणाला. त्यानं दुकानातल्या कॅलेंडरचा फोटो काढून दाखवला. तारखासुद्धा वाचता येत होत्या." तांब्या जागेवर ठेवला. "ते मागचं पुसायचं बटण असतं म्हणे. आपणच दाबायचं असतं."

एवढंच. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. बाहेर जाऊन ब्रश धुवायला बसले. ब्रश आधीच धुतलेले होते.

त्यानंतर पाच दिवस आम्ही जेवण, पाणी, दिवा बंद कर, इतकंच बोललो. मी फटकळ म्हणून ओळखली जाते. प्राचार्यांना तोंडावर उत्तर दिलेली मुलगी मी. त्या पाच दिवसांत मला एक शब्द सुचला नाही.

शनिवारी संध्याकाळी पप्पा एक नवा कोरा डबा घेऊन आले. उरलेला नाही, सील असलेला. आमच्या घरात तसा डबा मी पहिल्यांदा पाहिला.

"हे काय?" आईने विचारलं.

"ऑफ-व्हाइट. कोथरूडात सगळ्यांच्या हॉलला हाच मारतोय. फोटो चांगले येतात म्हणे." मग माझ्याकडे न बघता, डबा भिंतीशी सरकवत म्हणाले, "रंग माझा हाय. तो बदलता येतो. तसबिरी माझ्या एकट्याच्या न्हाईत. त्या तिथंच लागतील."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. माझी लाज नेमकी कुठं होती ते कळलं होतं, आणि त्यातली जेवढी त्यांच्या हाताने झाकता येईल तेवढी ते झाकायला निघाले होते.

रविवारी सकाळी त्यांनी तसबिरी उतरवल्या, पुसल्या, आईच्या धुतलेल्या पांढऱ्या साडीत गुंडाळल्या आणि कॉटवर उशाच्या बाजूला ठेवल्या. कॉट मधे ओढली. भिंत घासली. दहा-साडेदहापर्यंत डाव्या अर्ध्या भिंतीवर प्रायमर चढला. मी खाली बसून फरशीवरचे थेंब पुसत होते. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला, 'आज भेटू? नोकरीची पार्टी राहिलीये.'

हाताला सवय होती. मी लिहिलं, 'घरी रंगकाम चालू आहे.'

'हो, माहितीये. दोन वर्षं चालू आहे.'

मग थोड्या वेळाने दुसरा. 'ठीक आहे. यापुढे विचारणार नाही.' हसणारा चेहरा नाही, काही नाही.

मी घोडीच्या शिडीवर चढलेल्या पप्पांकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलले होते, आणि नेमकं तेच तिला खोटं वाटलं होतं. रागवायलाही जागा नव्हती. मी उठले, फोन धरला आणि फोटो काढला. अर्धी पांढरी, अर्धी निळी-हिरवी भिंत, घोडीवर बनियनमधले पप्पा, कोपऱ्यात आईची मशीन, दोरीवरचा टॉवेल. कुठलंही बटण दाबलं नाही. पाठवला. खाली घराचं लोकेशन टाकलं आणि लिहिलं, 'ते माझे पप्पा. रंगारी आहेत. खरंच रंगकाम चालू आहे. जुने कपडे घालून ये.'

तिने पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

"मैत्रीण येईल बहुतेक," मी म्हटलं.

आईने पिठाचा हात तसाच धरला. "कोथरूडची?" मग हळूच, "आपल्यात खाईल ना गं ती?"

"आपल्यात म्हणजे?"

"काही नाही. विचारलं आपलं." आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.

सव्वा तासाने खाली स्कूटीचा हॉर्न वाजला. ती जुने कपडे घालून आली होती. तिचे जुने कपडे माझ्या चांगल्या कपड्यांपेक्षा चांगले होते. दारात चपला काढल्या, "नमस्कार काका, नमस्कार काकू" केलं आणि माझ्याकडे न बघता सरळ कॉटवर टेकायला गेली.

"तिथं नको," मी म्हटलं.

"का? काय आहे?"

मी साडीची घडी उलगडली. तिने पाहिलं. एक तसबीर, मग दुसरी. मग माझ्याकडे.

"मग सांगायचंस ना."

"काय सांगायचं?"

तिने परत तसबिरींकडे पाहिलं.  जे हलेल म्हणून मी दोन वर्षं घाबरत होते ते हललं नाही असं मी म्हणणार नाही. थोडं हललं. पण गोडवा नाही आला. तिला राग आला.

"तुला वाटलं मी...?"

"हो. वाटलं."

"दोन वर्षं? मी फेल झाले ते तुला आधी सांगितलं. आई-बाबांचं सगळं सांगितलं. आणि तू मला काय दिलंस, क्रॉप करून? मला वाटायचं, मी घरी नेण्याच्या लायकीची नाहीये. सिरियसली, मी आईलाही विचारलं, माझं काही चुकतं का म्हणून."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लाज फक्त आमच्याच घरात राहते असं मी धरून चालले होते.

"तुला फरक पडत नाही हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "आणि ते आधी माहीत करून घ्यावं लागतं, याचाच मला राग येतो. तुला माझ्याबद्दल काहीच माहीत करून घ्यावं लागत नाही."

ती फरशीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. वरून पप्पांचा आवाज आला, "भांडण झालं असंल तर घोडी धरा कुणीतरी. मी हलतोय इकडं."

तीच उठली. दोन्ही हातांनी घोडी धरून उभी राहिली, अगदी शाळेतल्या कवायतीसारखी ताठ.

"इतकी आवळू नका हो ताई," पप्पा म्हणाले, "पळून न्हाई जाणार ती."

ती नाक ओढत हसली.

जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा. ती तीन भाकऱ्या जेवली. ठेच्याने लाल झाली तरी मागून घेतला. आई ती जेवत असेपर्यंत स्वतः जेवली नाही, नुसती बघत होती. इतकं लक्ष देऊन तिला भाकरी खाताना कुणी पाहिलं नसेल. तिने ते ओळखलं की नाही मला माहीत नाही. शेवटचा तुकडा मात्र तिने पिठल्याच्या पातेल्यातून पुसून घेतला, तेव्हा आई उठली आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन आली.

हात धुतल्यावर पप्पा नव्या डब्याचं झाकण पेचकसाने उचकटायला लागले. मी म्हटलं, "पप्पा, पांढरा नको."

"मग काय अर्धीच ठेवू? रंगाऱ्याच्या घराची भिंत अर्धी? सगळी गल्ली हसंल."

"तुमचा रंग परत करा."

"तो कुठला परत येतोय! मोजून थोडाच केला होता?" ते उरलेल्या अर्ध्या भिंतीकडे बघत राहिले. मला वाटतं तेव्हा त्यांनाही तो रंग गेल्याचं कळलं.  माझ्या दहावीपासूनचा रंग मी घालवला होता, आणि तो कुठल्या दुकानात, कुठल्या कार्डावर मिळणार नव्हता.

"पांढऱ्यात दुसरे घालता येतील का?" मी विचारलं.

ते उठले. जिन्याखाली गेले आणि पाच-सहा डबे घेऊन आले. झाकणांवर पेन्सिलने घरांच्या खुणा होत्या. एक एक उघडून त्यांनी हुंगला, काठीने तळ खरवडला. पांढऱ्यात निळा ओतला, मग हिरवा, मग कसला तरी पिवळा, आणि काठी आमच्या हातात दिली.

"ढवळत राहा. थांबलात की खाली बसतो."

आम्ही दोघी आळीपाळीने ढवळत बसलो. हात भरून आले. तिच्या जुन्या कपड्यांवर पहिला थेंब पडला तेव्हा ती किंचाळली, दुसऱ्याला गप्प राहिली, तिसरा तिने मला मुद्दाम लावला. रंग पहिल्यासारखा झाला नाही. जास्त हिरवा झाला, आंब्याच्या जुन्या पानाला ऊन लागावं तसा. पप्पांनी बोटाने भिंतीवर एक रेघ ओढली, दारापर्यंत मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "चालंल." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी पसंती मी ऐकलेली नाही.

खालचा भाग आम्हाला दिला, वरचा त्यांनी केला. आमच्या भागातले रोलरचे पट्टे आजही उन्हाची तिरीप पडली की दिसतात. ते त्यांनी दुरुस्त केले नाहीत.

पाचच्या सुमाराला भिंतीचा रंग हाताला लागेनासा झाला. खिळे जुन्याच जागी होते. एक तसबीर मी टांगली, दुसरी आईने. मैत्रीण लांब उभी राहून "डावीकडे, थोडं वर, बस्स" सांगत होती. मग पप्पांनी तोंड धुतलं, शर्ट घातला आणि आम्हाला म्हणाले, "चला, भिंतीपुढं."

पप्पा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहिलो. केसांत रंग, कपड्यांवर रंग. आईने फोटो काढला. मी फोन घेतला, पाहिला. माझे दात दिसत होते. तिची हनुवटी दिसत होती. मी फोन तिच्यापुढं धरला. तिने बराच वेळ पाहिला.

"पास," ती म्हणाली.

टाकायला अंगठा नेला आणि थांबले. इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाकडून पास करून घेत होते. मी फोन पप्पांकडे नेला. "बघा, चालेल का?"

त्यांनी आईच्या मशीनवरचा चष्मा उचलून लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आमच्या चेहऱ्यांवर थांबले नाहीत, सरळ वर गेले. डावीकडून उजवीकडे, मग परत डावीकडे.

"ह्या तसबिरीची कड कापली गेलीय," ते म्हणाले. "नापास. परत काढा."

आम्ही परत जाऊन उभे राहिलो.